कॅसेट कोणाच्या घरात राहणार?

गेल्या बैठकीत एक विषय अर्धवट राहिला. शहरातल्या काही मित्रांनी संघटनेला व्हिडिओ कॅमेरा द्यायची तयारी दाखवली आहे. वापरलेला आहे, पण चालू आहे. खांद्यावर घ्यायचा, समोरचं टिपायचं, आतली कॅसेट काढून व्हीसीआरमध्ये घातली की लगेच टीव्हीवर दिसतं. फोटोसारखं धुवायला पाठवावं लागत नाही. घ्यायचा की नाही यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं, आणि शेवटी निर्णय न होताच लोक उठले, कारण सकाळी भात झोडायचं होतं.

एका बाईने सरळ विचारलं, "व्हिडिओनं पोरं बिघाडली म्हणून तुम्हीच वरडता, आन् आता तुम्हीच व्हिडिओ आणणार?" तिच्या मागे बसलेल्या एका बाबाचं म्हणणं अगदी उलट. माझं झोपडं मोडलं तेव्हा तो डबा तिथं असता, तर साहेबाला नाही म्हणता आलं नसतं.

दोघांचंही खरं आहे. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यात बसून वाचून दाखवावं, घाई करू नये.

आपल्याकडे व्हिडिओ कसा आला ते आधी आठवू. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा देशात रंगीत टीव्ही सुरू झाला. त्याच सुमारास व्हीसीआर घरोघर दिसू लागले. पहिल्यांदा पैसेवाल्याच्या घरी, मग बाजाराच्या गावात भाड्याने. आपल्या बहुतेक पाड्यांत तेव्हा विजेची तार नव्हती, पण व्हिडिओ तारेसाठी थांबला नाही. तो जीपमधून जनरेटर घेऊन आला. टीव्ही गोधडीत गुंडाळून आणायचा, खळ्यावर टेबल मांडायचं, ताडपत्री बांधायची, माणशी दोन रुपये घ्यायचे आणि एका रात्रीत तीन सिनेमे दाखवायचे. दादा कोंडके आम्हालाही आवडतात, खोटं कशाला बोला. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री हसावं यात वाईट काही नाही. सिनेमा बघून आदिवासी बिघडतो असं म्हणणारे बरेच जण स्वतःच्या घरात रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसलेले असतात.

आमची तक्रार वेगळी आहे. पहिला सिनेमा देवाचा, दुसरा मारामारीचा, आणि तिसरा लागायच्या आधी बाया पोरींना उठवून घरी नेतात. तिसरा कसला असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे पैसे सगळ्या घराचे गेले आणि अर्धं घर मधेच उठलं. खळ्याच्या कडेला दारूवाला बसलेला असतोच.

आणि दोन पाड्यांत तर व्हिडिओ फुकट लागला. दिवाळी झाली होती, भात अजून पुरतं घरात आलं नव्हतं. भाडं कोणी भरलं? वीटभट्टीच्या मुकादमाने. रात्रभर सिनेमा झाला आणि सकाळी त्याच खळ्यावर वही उघडून त्याने उचल वाटायला सुरुवात केली. जागरणाने डोळे लाल, हातात नव्या नोटा, अंगठा कशावर लावला ते कोणी विचारलं नाही. रोज किती, हजार विटांना किती, आजारी पडलं तर काय, काहीच ठरलं नाही. आम्ही तिथे पोचलो तेव्हा निम्म्या घरांची दारं काथ्याने बांधलेली होती.

तारपा व्हिडिओने मारला असंही काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. तारपा वाजवणारा भट्टीवर गेला, नाहीतर गुजरातच्या मासेमारी बोटीवर गेला, म्हणून तारपा घरात टांगलेला राहिला. व्हिडिओ आला तो रिकाम्या झालेल्या खळ्यावर येऊन बसला. खळं रिकामं कोणी केलं हा प्रश्न जमिनीचा आहे.

लग्नाच्या शूटिंगचं मात्र नीट बोललं पाहिजे. पूर्वी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की माणूस त्याचा लग्नगडी व्हायचा. नवरा-बायको दोघं सावकाराच्या वाडीत राबायची, मुलं व्हायची, कर्ज तिथेच. १९४५ साली आपल्याच बापआज्यांनी गोदावरी परुळेकरांबरोबर उंबरगाव, तलासरी, डहाणूच्या भागात लढा केला, तो वेठ आणि लग्नगडी मोडण्यासाठी. पुढे १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा देशभर झाला. आता पोरगा म्हणतो, लग्नात शूटिंग पाहिजे, शेजारच्या गावात पाटलाच्या लग्नात होतं. शूटिंगवाल्याचे पैसे, लाइटवाल्याचे पैसे, जनरेटर, कॅसेट, शिवाय मधे मधे सिनेमाची गाणी घालायचे वेगळे. आमच्या माहितीतल्या एका घराने एवढ्यासाठी उचल घेतली. नवरा-नवरी हळदीच्या अंगाने भट्टीवर गेली. कॅसेट आहे. प्लास्टिकच्या डब्यात, वर दोघांची नावं रंगीत शाईने लिहिलेली. पण घरात ना टीव्ही ना वीज. आजवर त्यांनी ती एकदाच बघितली, मुकादमाच्या घरी, उभ्याने.

याला लग्नगडी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

त्याच लग्नात आणखी एक झालं. शूटिंगवाला धवलेरीला म्हणाला, आजी थांब, बल्ब गेला, बदलू दे, मग पहिल्यापासून म्हण. धवलेरी थांबली नाही. चौकात पालघट बसवलेली असताना गाणं मधे तोडतात का? त्याला हे सांगणार कोण, आणि त्याला ऐकायला वेळ कुठे. त्याने तेवढा भाग घेतलाच नाही. म्हणजे त्या कॅसेटमध्ये वरात आहे, पंगत आहे, नोटा ओवाळणारे पाहुणे आहेत, आणि ज्याने लग्न लागलं तेवढंच नाही. उद्या धवलेरी राहिली नाही तर नातवंडं ती कॅसेट बघून म्हणतील, वारल्यांचं लग्न असं असतं.

बाहेरून येऊन आपला नाच टिपून नेणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना अनुभव आहे. भर दुपारी तारपा वाजवायला लावतात, दिवस कोणताही असो. बायांना जुनी लुगडी नेसून यायला सांगतात. बिडीकाडीपुरते पैसे देतात. पाठवून देतो म्हणतात, ती कॅसेट आजवर आमच्याकडे एकही आलेली नाही.

आता या यंत्राचं एक वैशिष्ट्य बघा. व्हीसीआरला दोन मोठी बटणं असतात. एक बघायचं, दुसरं टिपायचं. जीपमधून आपल्याकडे यायचं ते यंत्र बहुतेक वेळा व्हीसीपी असायचं. स्वस्त पडतं म्हणून. त्याला फक्त बघायचं बटण असतं, टिपायचं बटणच नसतं. आपल्यापर्यंत व्हिडिओ पोचला तो असा, एक हात तोडून.

त्या दुसऱ्या बटणाची मोठ्या लोकांना किती धास्ती, ते अमेरिकेत दिसलं. युनिव्हर्सल आणि डिस्ने या सिनेमा कंपन्यांनी सोनी कंपनीवर खटला भरला. तक्रार अशी, की यांच्या यंत्रावर लोक घरच्या घरी टीव्हीवरचं टिपून ठेवतात. खटला चालला सात वर्षं. १९८४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं बेकायदा नाही. एका मताचा फरक. लोक सिनेमा बघतात याचं कंपन्यांना दुःख नव्हतं, त्यावर तर त्यांचा धंदा. कॅसेट लोकांच्या घरात राहते, याचं दुःख होतं.

त्याच १९८४ साली अहमदाबादेत सेवा या कष्टकरी बायांच्या संघटनेतल्या बाया व्हिडिओ शिकल्या. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कॅमेरा आला, बोलणं टिपता आलं. आपल्यातल्या ज्या पोरी म्हणतात "आमाला नाय जमणार, आमी शाळेत गेलो नाय," त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणखी लांबचं उदाहरण आहे, पण ते आपल्यासारख्या जंगलातल्या लोकांचंच आहे. ब्राझील देशात अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कायापो नावाचे आदिवासी राहतात. १९८५ पासून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. आधी आपले सण आणि विधी टिपले, दूरच्या गावातल्या भावकीला दाखवले. मग सरकारी माणसं बोलणी करायला आली की तेही टिपू लागले. साहेब तोंडाने काय कबूल करतो ते कॅसेटवर राहतं, पुढच्या वेळी त्याला ऐकवता येतं. त्यांच्या शिंगू नदीवर मोठ्या धरणांची योजना होती. १९८९ च्या फेब्रुवारीत आल्तामिरा या गावी शेकडो आदिवासी जमले. एका कायापो बाईने वीज कंपनीच्या साहेबाच्या गालाला कोयत्याचं पातं लावलं. जगभरचे कॅमेरेवाले तिथे होते, आणि कायापोंचे स्वतःचे कॅमेरेही होते. धरण त्या वेळी थांबलं. कॅमेऱ्याने थांबवलं असं आम्ही म्हणत नाही. लोक चालत, बोटीतून, जमतील तसे येऊन जमले म्हणून थांबलं. पण तिथे काय झालं हे सांगायला कायापोंना दुसऱ्याच्या कॅसेटची वाट बघावी लागली नाही.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

वनजमिनीच्या दाव्यांचं सगळ्यांना माहीत आहे. सरकारनेच तेव्हा ठरवलं होतं की ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत असाल तर जमीन नावावर होऊ शकेल. मग म्हणाले पुरावा आणा. पुरावा म्हणजे कागद. ज्याच्याकडे दंडाची पावती आहे त्याने ती बांबूच्या नळीत जपून ठेवली आहे, पण किती जणांची वाळवीने खाल्ली, किती जणांना दंड घेऊन पावतीच दिली नाही. आमच्या एका पाड्यातल्या बाबाचं असंच होतं. तेव्हा एका हितचिंतकाने त्यांच्याकडचा कॅमेरा आणला आणि आम्ही बाबाबरोबर त्याचं सगळं शेत चाललो. बाबाने बांध दाखवला, बांधातला प्रत्येक मोठा दगड कुठून लोटत आणला ते सांगितलं. पहिलं खोपट जिथं जाळलं ती जागा दाखवली. एका आंब्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, ह्यो लावला तवा माझा थोरला रांगत होता. थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं आहे. आंब्याचं वय काढायला आणखी काय पाहिजे? तासभराची कॅसेट झाली. आजवर कोणत्याही कागदावर बाबाचं बोलणं इतकं सरळ उतरलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तलाठ्याच्या पंचनाम्यात "सदर इसम सांगतो की" यापुढे आपला माणूस जातच नाही.

कॅसेट ठेवायची कुठे? पाड्यात ओल, पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. म्हणून शहरात त्या हितचिंतकाच्या घरी ठेवली. दीड वर्षाने दाव्याची चौकशी निघाली तेव्हा आणायला गेलो. लावून बघितली तर क्रिकेटची मॅच. घरातल्या कुणीतरी कोरी समजून तिच्यावर टिपली होती. मुद्दाम नाही. त्यांना फार वाईट वाटलं, अजून भेटले की तोच विषय काढतात. शेवटची चार-पाच मिनिटं तेवढी शिल्लक होती. त्यात बाबा पाठमोरा चालतो आहे आणि मागून कोणीतरी म्हणतं आहे, बास, झालं.

बाबा त्याच्या आदल्या पावसाळ्यात वारला होता. दावा कागद नाही म्हणून मागे पडला आहे.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला, एका टोकाला, नखाएवढी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकली की यंत्र त्या कॅसेटवर पुन्हा टिपत नाही. एवढंच. शिकलेले म्हणवणारे आम्ही, आम्हाला ते माहीत नव्हतं. पण नुसत्या पट्टीची गोष्ट नाही ही. ज्या घरात ती कॅसेट होती तिथे ती शंभरांतली एक होती. बाबाच्या घरात असती तर एकुलती एक असती.

म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही म्हणतो आहोत, कॅमेरा कोण देतो यापेक्षा कॅसेट कोणाकडे राहते ते बघा.

आता त्या दुसऱ्या बाबाच्या म्हणण्याकडे येऊ, की डबा असता तर साहेबाला नाही म्हणता आलं नसतं. इतकं सोपं नाही. १९९१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला रात्री रस्त्यावर पाडून दांडक्यांनी मारलं. जवळच्या घराच्या गॅलरीतून एकाने साध्या घरगुती कॅमेऱ्यावर ते टिपलं. सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? पण खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी तीच कॅसेट थांबवून थांबवून, एक एक चित्र करून दाखवली. बघा, इथे त्याने पाय हलवला. बघा, इथे तो उठायला बघतो आहे. एप्रिल १९९२ मध्ये चारही पोलीस जवळजवळ सगळ्या आरोपांतून सुटले. शहर पेटलं, पन्नासच्या वर माणसं मेली. मग दुसरा खटला चालला, तेव्हा १९९३ मध्ये चारांपैकी दोघे दोषी ठरले. आपल्या देशातही टेप केलेलं बोलणं पुरावा म्हणून चालतं असं सुप्रीम कोर्टाने मानलं आहे, पण आवाज कोणाचा ते ओळखता आलं पाहिजे आणि फितीत काटछाट नाही हे पटवता आलं पाहिजे. म्हणजे टिपणारा माणूस उभा राहायला हवा, दाखवलेली जागा ओळखणारे शेजारी उभे राहायला हवेत. कॅसेट साक्षीला जात नाही, साक्षीदाराबरोबर जाते.

आणि कॅमेरा फक्त आपल्याच खांद्यावर असणार नाही. मोर्च्यात आता पोलीसही शूटिंग करतात, नंतर बसून चेहरे ओळखतात. आपण टिपलेलं त्यांच्या हाती लागलं तर त्यांचं काम आपणच केलं असं होईल. झोपडं मोडायला आलेल्यांना टिपताना मागे उभी असलेली आपली माणसंही चित्रात येतात, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तरी आमचं मत आहे की कॅमेरा घ्यावा. फुकट मिळाला तरी तो फुकट नसतो. कोऱ्या कॅसेटी, बॅटरी भरायला बाजारापर्यंतची फेरी, दुरुस्ती, याचा खर्च वर्गणीतून निघेल तेवढाच वापरू, त्यासाठी नवीन देणगीदार शोधू नये. चालवायला दोन जण शिकतील, त्यांत एक पोरगी असावी. ज्या पाड्यात शूटिंग होईल तिथल्या लोकांना ते आधी दाखवायचं, मग बाहेर. त्यांनी नको म्हटलं तर ते बाहेर जाणार नाही. भगताचं काम आणि रात्रीची बैठक टिपायची नाही. धवलेरी हो म्हणाली तर तिचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्यायचं, बल्ब गेला तरी आवाज घेत राहायचं. मूळ कॅसेट पाड्यात राहील, पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून आणि ओलीपासून लांब, एका घराच्या जबाबदारीवर. नक्कल संघटनेच्या कार्यालयात. मूळ पाड्यात नको, खराब होईल, असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे. खराब होईलही. पण शहरातल्या कोरड्या घरात काय झालं ते वर लिहिलंच आहे. आणि पट्टी त्याच दिवशी, सगळ्यांसमोर मोडायची.

लग्नाच्या शूटिंगला हा कॅमेरा मिळणार का, असं पोरं विचारणारच. त्यावर आमच्यात एकमत नाही. काही म्हणतात, उचल घेऊन बाहेरचा आणण्यापेक्षा आपलाच द्या. काही म्हणतात, एकदा दिला की मग लग्नसराईत तो दुसरं काहीच करणार नाही. बैठकीत बोलू.

बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने आपल्याकडच्या अशा म्हाताऱ्या माणसांची नावं आणावीत ज्यांनी १९७८ च्या आधीची जमीन डोळ्यांनी पाहिली आहे. वारलेल्या बाबाच्या पाड्यात दोन डोकऱ्या आहेत, त्यांनी तो आंबा गुडघ्याएवढा असताना पाहिला आहे. एकीला आता कमी ऐकू येतं. पहिलं शूटिंग तिथे करावं असं आम्हाला वाटतं, भात झोडून झालं की लगेच, भट्टीच्या गाड्या यायच्या आधी.